रानकांद्याचा पाठ

शबीब इब्न रझीनच्या आवाजाबद्दल आमच्या बगदादेत ज्या बढाया मारल्या जातात त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. तो नदीच्या या काठावर शिंकला की पलीकडच्या काठावरून लोक 'अल्लाह तुझ्यावर दया करो' म्हणायचे, ही त्यांतलीच एक. उरलेल्या निम्म्या मात्र खऱ्या आहेत. बाप दिजला नदीवर माल भरलेली गलबतं दोरानं ओढायचा आणि ओढणाऱ्यांना ताल द्यायचा. मरताना त्यानं पोराला घर ठेवलं नाही, दोर ठेवला नाही, ठेवला तो फक्त गळा.

त्या गळ्यावर शबीब आधी उकडलेल्या बाकल्याच्या शेंगा विकायचा, रुसाफा पेठेतल्या मोठ्या मशिदीच्या दाराशी. आत अंगणात शेख मुअम्मल इब्न वहीब औषधांवर पाठ देत. ते दवाखान्यातले बडे वैद्य, त्यामुळे ऐकायला दूरदूरचे लोक. पण शेख सांगायचे जिऱ्याचे गुण आणि मागच्या रांगेतले लोक लिहायचे 'गरम बाकला, मऊ बाकला', इतका याचा आवाज आत घुमायचा. शेवटी शेखांनी माणूस पाठवला, त्या शेंगावाल्याचं तोंड बंद करून ये म्हणून. माणूस दारापर्यंत पोचायच्या आतच शेखांना दुसरं सुचलं. ते म्हणाले, "थांब. तोंड बंद नको करूस. तोंडासकट आत घेऊन ये."

असा तो शेखांचा मुस्तम्ली झाला. शेखांनी हळू बोलायचं, यानं बाकावर उभं राहून तेच शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, आणि त्याच्या तोंडून आलेलं शेकडो माणसांनी लिहून घ्यायचं. काम सोपं वाटतं. वाटतंच फक्त.

पहिल्याच महिन्यात त्यानं घोळ घातला. शेख सांगत होते की बाकला खाल्ल्यानं पोटात वारा धरतो. शबीबनं ते मोठ्यानं सांगितलं आणि जन्मभराच्या धंद्याला जागून पुढे स्वतःचं जोडलं, "पण जिरं घातलं तर नाही धरत." सभेत हशा पिकला आणि मागच्या रांगांनी तेही इमानेइतबारे लिहून घेतलं. शेखांनी सगळ्यांना ते वाक्य खोडायला लावलं. मग शबीबकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "तू माझा घसा आहेस, शबीब. डोकं माझ्याकडे आहे."

त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. बायको लुबाबा म्हणाली, "अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खरंच तर बोललात, जिऱ्यानं नाहीच धरत."

"खरं असेल गं. पण ते त्यांचं नव्हतं."

तेव्हापासून त्यानं एक शब्द जोडला नाही आणि एक शब्द गाळला नाही. पोरं चेष्टा करायची, शेख ढेकर देतील तर शबीब तीही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवेल. त्याला त्या चेष्टेचा अभिमान वाटायचा. आणि का वाटू नये? आमच्याकडे सगळी विद्या उभी आहे ती 'अमक्यानं तमक्याच्या तोंडून ऐकलं' यावर. म्हणून आमच्याकडे माणसाची जात, पैसा, पगडी पाहण्याआधी एकच पाहतात: याचा शब्द भरवशाचा आहे की हा शब्दाचा दुबळा आहे? दुबळा ठरला की संपलं. त्याच्याकडून कोणी पाठ घेत नाही, काजी त्याची साक्ष घेत नाही, पुतणीच्या निकाहलासुद्धा त्याला साक्षीदार म्हणून उभं करत नाहीत. कोड एक वेळ झाकता येतं, हा डाग झाकता येत नाही. एका शेंगावाल्याला हे विद्वान 'भरवशाचा शबीब' म्हणायचे, आणि त्याची सगळी कमाई एवढीच होती. घर भाड्याचं होतं, मूल नव्हतं.

मूल नव्हतं म्हणावं तर एक होतंही. खल्लाद वर्राक हा शबीबचा जिवाभावाचा मित्र. पुस्तकं नकलून विकायचा. पुस्तकवाल्यांच्या गल्लीत त्याचं छोटंसं दुकान होतं. त्याची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तान्हा नुमैर लुबाबाच्या ओटीत आला आणि दाढी फुटेपर्यंत तिथंच जेवला. खल्लाद रोज संध्याकाळी पोराला न्यायला यायचा आणि स्वतःही जेवूनच जायचा. लुबाबा त्याला तोंडावर म्हणायची, "भावोजी, पोर न्यायला येता की भाकरी मोजायला?" आणि तो हसून आणखी एक घ्यायचा.

पाठाच्या वेळी खल्लादची जागा शेखांच्या गुडघ्याशी. तो त्यांच्या बोरूंना टोक काढून द्यायचा, उशी सारखी करायचा, पाणी पुढे करायचा. शेख म्हातारे झाले, दात गेले, आवाज विझत आला. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं ऐकू जायचं ते फक्त दोघांना, वाकून उभ्या शबीबला आणि गुडघ्याशी बसलेल्या खल्लादला. पहिल्या रांगेतले लोकसुद्धा शबीबच्याच तोंडाकडे पाहून लिहायचे.

रानकांद्याचा पाठ झाला तो दिवस थंडीचा होता. शेख घोंगडीत गुरफटून बसले होते. एका बड्या घरचं जेवणाचं बोलावणं होतं आणि बाहेर त्यांच्यासाठी खेचर येऊन उभं होतं.

"रानकांदा," शेख पुटपुटले. "छातीत कफ साठून धाप लागत असेल तर त्यावर उत्तम. मधात घोटून चाटवावा."

शबीब थांबला. हाच भाग त्यानं मागच्या खेपेला सांगितला होता, त्याच्या आधीच्या खेपेलाही. तेव्हा शेख म्हणाले होते की आधी कांदा कणकेत गुंडाळून तंदुरात भाजावा, करपलेले पापुद्रे फेकावे, मग आतला गर मधात घोटावा. कच्चा पोटात गेला तर माणूस दगावतो. ते वाक्य अजून यायचं होतं. शबीब वाट पाहत राहिला. ते आलं नाही.

तो आणखी वाकला. "शेख, रानकांद्याचं आणखी काही?"

"संपलं ते. पुढे चल. लसूण."

खल्लादनं बोरूवरून मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. शबीबच्या डोळ्यांत प्रश्न होता आणि खल्लादला तो कळला, कारण मागच्या दोन्ही खेपांना तोही त्याच गुडघ्याशी बसलेला होता. त्यानं खांदे उडवले. शेख म्हणतात ना, मग झालं, असे.

शबीबच्या जिभेवर भाजलेला कांदा आला होता. त्यानं तो गिळला. बाकावर सरळ उभं राहून त्यानं शेखांनी सांगितलं तेवढंच सांगितलं, ना कमी ना जास्त. शेकडो बोरूंनी ते लिहून घेतलं. त्या क्षणी तो जगातला सगळ्यांत भरवशाचा माणूस होता, आणि अशी चूक त्याच्यासारखाच माणूस करू जाणे.

पंधरवड्यात नदीपलीकडच्या करखमधला धान्याचा व्यापारी बुजैर गेला. त्याला धाप लागायची. त्याचा पुतण्या पाठाला बसायचा. त्यानं काकाच्या भल्यासाठी, लिहून घेतल्याप्रमाणे, कच्चा रानकांदा मधात घोटून चाटवला. उलट्या थांबल्या नाहीत आणि मग नाडी थांबली. घरच्यांनी पुतण्याला धरलं, पुतण्यानं कागद दाखवला, आणि कागद घेऊन सगळे नायब काजीकडे गेले.

शेखांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भाजायला मी सांगितलं होतं. नेहमीच सांगतो. शबीबनं गाळलं असेल."

ही बातमी शबीबच्या कानावर आली तेव्हा तो आधी हसला. त्याला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. मग तो थेट शेखांच्या घरी गेला. शेख अंथरुणावर बसले होते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शबीब, मला स्वच्छ आठवतंय रे. कणकेत गुंडाळून भाजावा, असं मी म्हणालो. तू विसरलास. होतं माणसाकडून."

शबीबनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर आठवत होतं, फक्त ते मागच्या खेपेचं होतं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तो घरी आला. लुबाबानं विचारलं, "मग आता?"

"आता काय? ऐकणारे आम्ही दोघं. मी आणि खल्लाद."

तिच्या जिवात जीव आला. "मग काळजी मिटली म्हणायची."

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी खल्लाद जेवायला आला. लुबाबानं हरीसा केला होता, गहू आणि मांस घोटून घोटून एकजीव केलेला, वरून दालचिनी. खल्लादला तो फार आवडायचा. त्यानं ताटली पुसून खाल्ली आणि हात धुताना म्हणाला, "शबीब, उगाच तोंड पाडून बसू नकोस. मी आहे ना. जे कानावर पडलं ते सांगेन, दुसरं काय सांगायचंय?"

"तो बुजैर गेला रे," शबीब म्हणाला. "मी बोललो असतो तर वाचला असता."

लुबाबा मधेच म्हणाली, "मग बोलायचं होतंत. एक वाक्य जोडलं असतं तर आभाळ कोसळलं असतं?"

"शेखांच्या नावावर माझं वाक्य जोडलं असतं तर मी जोडणारा झालो असतो."

"आणि आता मारणारा झालात."

खल्लाद म्हणाला, "वहिनी, त्याला नका बोलू. नियम नियम असतो." त्याचं बोलणं ऐकून शबीबला बरं वाटलं. हा एक माणूस आपल्याला समजतो, असं त्याला त्या वेळी खरंच वाटलं.

चौकशी मशिदीतच झाली, दुपारच्या नमाजानंतर. नायब काजी मधे बसले. शेखांना पालखीतून आणलं होतं. शबीबनं जे घडलं ते सांगितलं, आपण 'आणखी काही?' असं विचारलं होतं हेही सांगितलं. शेखांनी त्यांना आठवत होतं ते सांगितलं. मग नायब काजींनी खल्लादला पुढे बोलावून शपथ दिली.

"शेखांनी कांदा भाजायला सांगितला होता की नव्हता?"

खल्लाद जमिनीकडे पाहत म्हणाला, "सांगितला होता. मी ऐकलं."

"आणि शबीबनं तो भाग पुकारला?"

"नाही. त्यानं गाळला."

"त्यानं शेखांना काही विचारलं होतं?"

"माझ्या कानावर तरी नाही आलं."

शबीबला आधी वाटलं प्रश्नच चुकीचा विचारला गेला. त्यानं खल्लादकडे पाहिलं, तो आता वर बघेल, म्हणेल थांबा, मी गोंधळलो. खल्लादनं वर बघितलं नाही. त्याच्या मागे, खांबाला टेकून, नुमैर उभा होता. त्या वर्षी शेख त्याला वैद्यकीची सनद देणार होते आणि ती सनद घेऊन तो दवाखान्यात लागणार होता. शेखांचा शब्द कच्चा ठरला असता तर त्यांची सनद कोणी कशाला चाटत बसलं असतं? आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे नंतर कळलं. शबीबला ते तिथंच, उभ्या उभ्या कळलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे त्याला कळायला एवढं वय जावं लागलं.

नायब काजींनी निकाल सांगितला. बुजैरच्या पुतण्याला त्यांनी सोडलं, कारण त्यानं लिहिलेलं पाळलं होतं. शबीबला फटके नाहीत, तुरुंग नाही. फक्त एक वाक्य: हा माणूस शब्दाचा दुबळा आहे, याच्या तोंडून आलेलं घेऊ नये. मग दुसऱ्या माणसानं, कोण्या पिचक्या आवाजाच्या पोरानं, बाकावर चढून ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पुकारलं. शेवटच्या रांगेला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

घरी लुबाबानं हरीशाचं भांडं उचललं आणि दारात नेऊन कुत्र्यांपुढे पालथं केलं. मग म्हणाली, "याच घरचं खाऊन वाढला तो पोरगा. आणि बाप याच घराचे वासे मोजून गेला."

"पोरासाठी केलं त्यानं," शबीब म्हणाला.

"आणि तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"बाजू नाही घेत. का केलं ते सांगतोय. माझ्या पोरासाठी मीही कदाचित..." त्याला ते वाक्य पुरं करता आलं नाही, कारण ते त्यालाही पटत नव्हतं. पण त्यानं ते धरून ठेवलं. पुढची कितीतरी वर्षं त्यानं तेच धरून ठेवलं. मित्रानं आपल्याला विकलं हे पचत नाही, पण मुलापायी विकलं म्हटलं की निदान गिळता तरी येतं.

मशिदीचं काम गेलं. पुन्हा शेंगा विकायचं वय राहिलं नव्हतं. शेवटी तो नदीच्या उतारावर नावाड्यांसाठी गिऱ्हाईक बोलवायचं काम करू लागला. 'चला रुसाफा, चला रुसाफा' एवढंच पुकारायचं. त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं. तरी आमची बगदादी जीभ काय गप्प बसते? उतारावर आलेला प्रत्येक टवाळ विचारायचा, "शबीबकाका, नाव कच्ची आहे की भाजलेली?" नावाडी पहिल्यांदा हसले, मग त्यांनाही कंटाळा आला, टवाळांना आला नाही. शबीब उत्तर देत नसे. एकदाच तो म्हणाला, "कच्ची आहे. बसून बघ." आणि तो टवाळ पुढच्या नावेनं गेला.

भाचीच्या निकाहला त्याला बोलावलं, जेवायला बसवलं, पण साक्षीदार म्हणून तिथल्या रोटीवाल्याला उभं केलं. मेहुण्यानं त्याच्या कानाशी येऊन माफी मागितली. शबीब म्हणाला, "बरोबरच केलंत," आणि भात तसाच सोडून उठला. तो भात त्याला आवडायचा, केशराचा होता.

शेख मुअम्मल वारले तेव्हा तो जनाज्याला गेला आणि शेवटच्या रांगेत उभा राहिला. शेखांबद्दल त्याच्या मनात काही राग नव्हता. नुमैर तोवर दवाखान्यात चांगला नावाजला होता. रस्त्यात दिसला की तो शबीबकाकाला सलाम करायचा आणि घाईघाईनं पुढे जायचा. लुबाबा म्हणायची, गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, इथं तर गरज सरली आणि वैद्य झाला. तेवढ्या एका वेळीच शबीब खळखळून हसला होता.

खल्लाद मात्र कधी उताराकडे फिरकला नाही. पलीकडे जायचं असलं की लांबचा वळसा घेऊन पुलावरून जायचा. आणि मग एका सकाळी तो आला. पाठीत वाकलेला, दाढी सगळी पांढरी. शबीबच्या समोर उभा राहिला.

"शबीब, माझं दुकान हातचं चाललंय."

दुकानाची गोष्ट जुनी होती. ते मूळचं उतैबा कागदवाल्याचं. उतैबा हजला निघाला तेव्हा त्यानं मैसर न्हावी आणि शबीब या दोघांच्या समोर किल्ली खल्लादच्या हातात ठेवली होती आणि म्हटलं होतं, हे आजपासून तुझं, मला मूल नाही. तो मक्केतच राहिला आणि तिथंच मेला. आता त्याचा पुतण्या वासितहून आला होता आणि म्हणत होता, काकांनी दुकान फक्त सांभाळायला दिलं होतं.

"तू होतास ना त्या दिवशी," खल्लाद म्हणाला. "मैसर आहेच. दोन साक्षीदार लागतात."

शबीबनं नावेत चढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला हात दिला. मग म्हणाला, "होतो. पण माझा शब्द कुठे चालतो, खल्लाद?"

"त्याचं मी बघतो."

"तू बघतोस?"

"मी बघतो म्हटलं ना. तू फक्त ये."

'त्याचं मी बघतो' या तीन शब्दांवर शबीब घरी तरंगत आला. लुबाबाला म्हणाला, "तो काजीसमोर सांगणार. सांगावंच लागेल त्याला. मी दुबळा असलो तर त्याचं दुकान जातं, म्हणजे आधी मला खरा म्हणावं लागेल."

लुबाबा म्हणाली, "आधी त्याला तसं म्हणू दे, मग नाचा."

"पोराचं आता काही अडत नाही. पोरगा मोठा वैद्य झालाय, शेख गेले. आता कशाला भिईल तो?"

तिला त्याचा उत्साह मोडवेना. तिनं पेटीतून त्याची जुनी पगडी काढून दिली, तीच जी तो बाकावर उभं राहताना बांधायचा. कापडाला कसर लागली होती. तिनं ती बाजू आत जाईल अशी गुंडाळली.

काजी नवे होते, बसऱ्याहून नुकतेच आलेले. मैसर न्हाव्यानं साक्ष दिली. मग शबीब उभा राहिला. त्या दिवशी उतैबा काय बोलला, किल्ली कोणत्या हातातून कोणत्या हातात गेली, सगळं त्यानं जसंच्या तसं सांगितलं. आवाज अजून तसाच होता. बाहेर अंगणात आपली पाळी येईल म्हणून बसलेले लोक बोलायचे थांबले. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याचं ऐकत होतं, लिहून घेत होतं, आणि त्याला त्या बाकावर उभं असल्यासारखं वाटत होतं.

मग वासितच्या पुतण्याचा वकील उठला. तो आमच्याच करखचा. "काजीसाहेब, आपण शहरात नवे आहात. या माणसाचा शब्द या शहरात घेत नाहीत. नायब काजींनीच त्याला दुबळा ठरवलंय."

काजींच्या कपाळाला आठी पडली. "कोणाच्या साक्षीवर?"

"याच खल्लादच्या. ज्यानं आज याला साक्षीला आणलंय त्याच्याच."

काजी खल्लादकडे वळले. शबीबही वळला. त्याला भीती वाटत नव्हती. हीच ती घडी, याच्यासाठीच तर खल्लाद 'मी बघतो' म्हणाला होता. त्याचं सगळं शरीर कानांत आलं होतं, जसं शेखांसमोर वाकून उभं असताना यायचं.

"खल्लाद," काजी म्हणाले, "तू तेव्हा या माणसाबद्दल शपथेवर बोललास. आज त्यालाच खरा म्हणून पुढे करतोस. तेव्हाचं खरं की आत्ताचं? नीट विचार करून सांग. तेव्हाचं खोटं असेल तर तुला काही सजा देणार नाही, जुनी गोष्ट आहे. पण यापुढे तुझी साक्ष कोणी घेणार नाही. या माणसाची घेतील."

खल्लादचे ओठ हलले. शबीब वाट पाहत राहिला. एकदा खल्लादनं वर पाहिलं आणि दोघांची नजरानजर झाली, तेव्हा शबीबला दिसलं की तो यासाठी आलाच नव्हता. तो फक्त एवढ्यावर भरवसा ठेवून आला होता की नवा काजी आहे, त्याला जुनं काही ठाऊक नसेल.

"मी हा साक्षीदार मागे घेतो," खल्लाद म्हणाला. "दुसरा आणायला मुदत द्या."

दुसरा नव्हताच. काजींनी दोनदा विचारलं आणि निकाल दिला. दुकान पुतण्याचं झालं. शबीबला शिपायानं खांद्याला हलकेच धरून बाजूला केलं.

बाहेर अंगणात खल्लाद त्याच्या मागे मागे आला. त्याला धाप लागली होती. "शबीब. ऐक ना. त्यात माझं सगळं नाव गेलं असतं रे. या वयात. लोक काय म्हणाले असते?"

शबीब थांबला, पण वळला नाही. तो चालू लागला. वाटेत उतारावर टवाळ होतेच. त्यांनी विचारलं, तो ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढे गेला.

लुबाबा दारातच उभी होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं ओळखलं, तरी विचारलं, "काय झालं?"

"दुकान गेलं त्याचं."

"आणि तुमचं?"

शबीबनं पगडी सोडली आणि तिच्या हातात दिली. तो उंबऱ्यावर बसला. बोलला तेव्हा इतकं हळू बोलला की तिला खाली वाकावं लागलं.

"इतकी वर्षं मी समजत होतो, पोरासाठी केलं त्यानं. आज पोराचं काही जाणार नव्हतं, लुबाबा. त्यानं दुकान देऊन टाकलं. पण माझं नाव मला दिलं नाही."